आम्ही नामदेवला पळायला शिकवलं

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. घरात रिकाम्या बाटल्या साठतात तसे ते साठत जातात आणि एक दिवस कपाट उघडलं की अंगावर येतात. माझ्याकडे साठलेत ते सगळे पळण्याचे. ऐकणाऱ्याला वाटतं, हा गृहस्थ तरुणपणी मोठा धावणारा असावा. छे हो. गाडी चुकायची वेळ आली तरच मी पळालो असेन. मी सेक्रेटरी होतो.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं. अमरावतीत मंडळांचा सुकाळ होता, त्यात आमचं एक पळण्याचं मंडळ. अध्यक्ष वकीलसाहेब. ते घरातून कोर्टातसुद्धा टांग्यानं जायचे आणि कोर्ट समोरच होतं. शिकवायला गुरुजी. पुण्याला सहा आठवड्यांचा कोर्स करून आले होते आणि तेव्हापासून त्यांचं प्रत्येक वाक्य 'पुण्याला' या शब्दानं सुरू व्हायचं. मी मॅट्रिक नापास, वकीलसाहेबांच्याच ऑफिसात कागदपत्रांच्या नकला उतरवायचो. मंडळात माझं काम ठराव लिहिणं आणि स्टॉपवॉच सांभाळणं. सल्ला देणारे आम्ही एकूण सात जण होतो. पळणारा कुणी नव्हता.

अकोल्यालाही असंच एक मंडळ होतं. दरवर्षी दोघांची शर्यत व्हायची, एक वर्ष तिकडे, एक वर्ष इकडे. ऐनवेळी कुणाला तरी उभं करून तीन वर्षं आम्ही ओळीनं हरलो होतो. हरलो की आम्ही पुढच्या वर्षासाठी आणखी दोन सल्लागार घ्यायचो.

*

नामदेवला शोधून काढलं वकीलसाहेबांनीच. कुणाला तरी गाडीवर पोचवून ते बडनेऱ्याहून टांग्यानं परत येत होते. मागून एक माणूस आला. डोक्यावर मेथीचं भलंमोठं टोपलं. बघता बघता तो टांग्याच्या पुढे निघून गेला. साहेबांना हा अपमान वाटला. त्यांनी टांगेवाल्याला घोडा हाणायला सांगितलं. घोड्यानं आपल्या परीनं केलं. माणूस नाक्यापर्यंत पुढेच.

नाक्यावर जकातवाल्याला टोपलं दाखवायला तो थांबला तेव्हा साहेबांनी त्याला गाठलं.

"एवढा कशाला पळतोस रे?"

"मेथी सुकते, सायेब."

हा आमचा नामदेव. माळ्याचा, बावीस-तेवीस वर्षांचा, बडनेऱ्याच्या बाजूला विहिरीवर त्यांचा मळा. रोज उजाडता उजाडता सहा मैल यायचा, भाजी विकायचा आणि सहा मैल परत जायचा. शिकवायला त्याला कुणी नव्हतं, म्हणून त्याचं बरं चाललं होतं.

त्याच दिवशी तातडीची सभा झाली. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "पुण्याला आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं, पाय दुय्यम. प्रेरणा मुख्य. याचे पाय ठीक आहेत, पण प्रेरणा फार हलकी आहे."

मग मेथीच्या जागी कोणतं उच्च ध्येय ठेवावं यावर दिवेलागणीपर्यंत चर्चा झाली. शेवटी ते काम वकीलसाहेबांवर सोपवून आम्ही चहा घेतला.

*

ध्येय वकीलसाहेबांनी आठ दिवसांत आणलं. आणि ते खरंच मोठं होतं, त्यात थट्टा नाही.

म्युनिसिपालिटीच्या शाळेत ड्रिल मास्तरची जागा रिकामी झाली होती. साहेब शाळा कमिटीवर होते. नामदेव मराठी सातवी पास होता, त्याच्या सगळ्या भाऊबंदांत एकटा. सर्टिफिकेट तो बांबूच्या नळीत गुंडाळून आढ्याला टांगून ठेवायचा, उंदरांनी खाऊ नये म्हणून. साहेब त्याला म्हणाले, "अकोल्याला हरव. जागा तुझी."

तो मानेमागे हात नेऊन म्हणाला, "टोपलं उतरलं पायजे, सायेब. माह्या बापाची मान वाकडी झाली. आता त्याले वर पायता येत नाई. माहीबी तशीच होऊन राहिली."

मी त्याच्या मानेकडे पाहिलं. डावीकडे किंचित कलली होती. तोवर मला वाटायचं, हा आमच्याशी आदबीनं उभा राहतो.

गुरुजी मात्र खूश झाले. त्यांनी मला लिहायला सांगितलं : प्रेरणा, समाधानकारक.

*

मग आम्ही शिकवायला सुरुवात केली.

श्वासाचा प्रश्न पहिला निघाला. नामदेव तोंड उघडं ठेवून पळायचा. गुरुजींचं म्हणणं, श्वास नाकानंच घ्यावा. आमच्यातले एक कंपाउंडर होते, ते म्हणाले, नाक आणि तोंड दोन्ही चालतील. वाद वाढला. वकीलसाहेबांनी तो कायद्यानं सोडवला. मतं घेतली. नाकाच्या बाजूनं चार, तोंडाच्या बाजूनं तीन. ठराव मीच लिहिला : 'श्री. नामदेव यांनी यापुढे तोंड बंद ठेवून धावावे.'

नामदेव बाहेर ओट्यावर बसला होता. त्याला आत बोलावून ठराव वाचून दाखवला. तो म्हणाला, "बरं. पन मंग मले हवा कमी पडते जी."

"ते बहुमतानं ठरलंय," वकीलसाहेब म्हणाले.

माझं मत नाकाच्या बाजूनं होतं. मला नाकातलं काही कळत नव्हतं. साहेबांचा हात वर गेला म्हणून माझाही गेला.

*

खाण्याचा किस्सा तर अमरावतीत बरेच दिवस सांगितला जात होता. वकीलसाहेबांनी त्याला आहार लावून दिला. सकाळी सोळा बदाम भिजवून, वर शेरभर दूध, दुपारी साजूक तुपाचा शिरा. कागदावर टाइप करून दिलं, खाली अध्यक्षांची सही.

नामदेवनं कागद दोनदा वाचला. सातवी पास होता, वाचता येत होतं.

"बदाम खायचे," तो म्हणाला. "कोनाच्या घरचे?"

गुरुजींनी घसा साफ केला आणि सांगितलं, की पुण्याला दुसरीही एक पद्धत आहे. रिकाम्या पोटी पळण्याची. शरीर हलकं राहतं. ती पद्धत एकमतानं मंजूर झाली.

पुढे शर्यतीच्या आदल्या दिवशी अकोल्याचा यशवंता आला तेव्हा या गोष्टीला शेपूट फुटलं. यशवंता कुणब्याचा, काळ्या रानातला दांडगा गडी, अकोल्याचा तीन वर्षांचा विजयी. धर्मशाळेच्या विहिरीवर दोघं पाय धूत बसले होते. मी हिशोबानं थोडा लांब उभा होतो.

"तुले उपाशी ठेवतेत?" यशवंता विचारत होता. "आमच्या इकडे उलटं हाय. दोन महिन्यांपासून तूप पाजून पाजून मारून राहिले मले. काल ओकलो. त्यावर सभा झाली."

"काय ठरलं सभेत?"

"तूप पातळ करून पाजा म्हने."

दोघं इतके हसले की विहिरीवरच्या बायांनी वळून पाहिलं. आमच्या मंडळात नामदेव हसल्याचं मला आठवत नाही.

*

मध्ये एकदा धारणीकडचा एक डाकवाला आला होता. मेळघाटात जिथे गाडी जात नाही तिथे डाकेची थैली घेऊन पळायचा. कोरकू माणूस, पन्नाशीला आलेला, पिंडऱ्या लाकडासारख्या. कुठल्याशा कामाला अमरावतीला आला आणि वकीलसाहेबांनी त्याला धरून आणलं. नामदेवला त्याच्याकडून चार गोष्टी कळाव्यात, हा हेतू चांगला होता.

सभेत आधी साहेब बोलले, मग गुरुजी, मग कंपाउंडर. दीड तासानं डाकवाल्याला उभं केलं. तो तोंड उघडणार तेवढ्यात गुरुजी म्हणाले, "थांबा. आधी पळून दाखवा." तो मैदानावर एक फेरी मारून आला. गुरुजींनी खाली बसून त्याची टाच, चवडा, अंगठा सगळं तपासलं आणि उठून म्हणाले, "पाय साफ चुकीचा पडतो."

डाकवाला घाबरला. त्याला वाटलं नोकरी जाते. हात जोडून म्हणाला, "अठरा साल झाले साब. डाक कभी लेट नाही झाला."

"तरीही चुकीचा," गुरुजी म्हणाले.

तो गेला. नामदेवला त्याच्याशी एक शब्द बोलता आला नाही. फाटकापर्यंत त्याच्यामागे गेला होता, पण गुरुजींनी त्याला टाच दाखवायला परत बोलावलं.

*

आता हसू येणार नाही असा एक सांगतो.

शर्यतीला महिना राहिला होता. रोजच्या सरावात नामदेवचा वेळ वाढत चालला होता. घड्याळ माझ्या हातात, त्यामुळे मला सगळ्यांत आधी कळलं. पाऊल मोजून, तोंड मिटून, कोपरं अंगाला चिकटवून तो पळायचा आणि दर आठवड्याला आदल्या आठवड्यापेक्षा हळू व्हायचा. गुरुजी म्हणायचे, शिक्षण मुरतंय.

एका सकाळी गुरुजींना ताप होता. आम्ही दोघंच होतो. नामदेव म्हणाला, "सेक्रेटरीसायेब, आज माह्या मनानं पयू का?"

मी हो म्हणालो. तो तोंड उघडं टाकून, हात मोकळे सोडून निघाला. बडनेऱ्याच्या रस्त्यावर मैलाच्या दगडापर्यंत जाऊन परत आला. मी घड्याळ पाहिलं, कानाला लावून पाहिलं, बंद तर पडलं नाही ना. अकोल्याच्या यशवंतानं स्वप्नातसुद्धा तो वेळ दिला नसता. नामदेव धापा टाकत हसत होता. मीही हसलो. माझ्या आयुष्यात माणूस पळताना मी खरा पाहिला तो त्या दिवशी.

मी मूर्खासारखा तो वेळ वहीत लिहिला. सभेत वही पाहिली गेली. वकीलसाहेबांनी विचारलं, "परवानगी कुणी दिली?"

नामदेवनं माझ्याकडे पाहिलं. मी वहीकडे पाहिलं.

"मीच पयलो जी," तो म्हणाला.

पंधरा दिवस त्याला मैदानावर येऊ दिलं नाही. बेशिस्तीबद्दल. साहेब म्हणाले, "ड्रिल मास्तर म्हणजे शिस्त. पहिली लायकी, हुकूम पाळणं. स्वतःच्या मनानं पळणारा मनुष्य मुलांना काय शिकवणार?"

तेव्हापासून नामदेव हुकूम पाळू लागला. मला वाटतं, आम्ही त्याला एवढंच काय ते शिकवलं.

*

शर्यत त्या वर्षी आमच्याकडे होती. बडनेऱ्याहून अमरावती, म्हणजे नामदेवचा रोजचाच रस्ता. बक्षीस द्यायला डेप्युटी कमिशनर येणार होते.

गुरुजींनी डाव आखला. यशवंता पहिल्यापासून पुढे निघतो. नामदेवनं दहा पावलं मागे राहायचं, दम राखायचा. शेवटच्या अर्ध्या मैलावर नाल्याचा पूल आहे. तिथे सेक्रेटरी उभे राहतील. ते रुमाल हलवतील. रुमाल दिसला की सुटायचं, तोवर नाही.

नामदेव म्हणाला, "कुठून सुटायचं ते मले ठाऊक हाय जी. टोपलं घेऊन रोज तिथूनच जोर लावतो."

"तुला ठाऊक आहे असं तू समजू नकोस," गुरुजी म्हणाले.

वकीलसाहेबांनी पक्कं केलं. "रुमालाआधी सुटलास तर पहिला येऊनही जागा मिळायची नाही. सेक्रेटरी, लिहून घ्या."

मी लिहून घेतलं.

सभा संपल्यावर साहेबांनी मला मागे थांबवलं. म्हणाले, "हा हरला तर जागा बाहेरच्या कुणाकडे जाईल. तूही एक अर्ज टाकून ठेव." मी टाकला. सोमवारी. शर्यत शनिवारी होती. नामदेवला मी सांगितलं नाही. सांगायला पाच दिवस होते.

शनिवारी मी पुलावर उभा राहिलो. दोन्ही बाजूंना माणसं होती, पण माझ्यापुढची जागा मोकळी ठेवली होती. आधी यशवंता दिसला. तूप त्याच्या तोंडावर आलं होतं, पाय जड पडत होते, संपला होता तो. मागे दहा पावलांवर नामदेव. तोंड बंद. नाकपुड्या फुललेल्या. अंगात दम भरलेला दिसत होता, नुसता कोंडून धरलेला. त्याचे डोळे माझ्यावर होते.

रुमाल माझ्या उजव्या मुठीत होता, मूठ खिशात. मी त्याला स्पष्ट पाहिलं, त्यानं मला स्पष्ट पाहिलं. हात वर आला नाही. विसरलो नव्हतो. उगाच कशाला खोटं बोलू. त्या वेळी माझ्या डोक्यात शाळेचं फाटक होतं आणि वकीलसाहेबांच्या ऑफिसातली ती शाईनं बरबटलेली नकलांची चळत होती.

तो माझ्यासमोरून गेला. पुढे जाऊन त्यानं मागे वळून पाहिलं. पुन्हा थोडं पुढे जाऊन वळून पाहिलं. यशवंता चार पावलांनी जिंकला.

डेप्युटी कमिशनर साहेब दोघांनाही "वेल डन" म्हणाले. वकीलसाहेबांनी त्याचं मराठी केलं ते वीस मिनिटं चाललं.

सगळं आटोपल्यावर मी नामदेवजवळ गेलो. म्हणालो, "गर्दी होती रे. रुमाल दिसला नसेल तुला."

"नाई दिसला, सायेब," तो म्हणाला. डोळे माझ्या उजव्या हातावर होते.

संध्याकाळी सभा झाली. गुरुजींनी पराभवाचं कारण सांगितलं : "पळताना मागे वळून पाहिलं. एकदा नाही, दोनदा. पुण्याला याला अक्षम्य चूक मानतात." एकमतानं मंजूर. तेही मीच लिहिलं, आणि अक्षर चांगलं आलं.

पुढच्या महिन्यात मी ड्रिल मास्तर झालो.

*

त्यानंतर दहा-बारा वर्षांनी.

नामदेव आमच्या शाळेच्या फाटकाशी भाजी घेऊन बसायचा. आता पळत यायचा नाही. मान पुरती डावीकडे गेली होती, बोलताना तो अख्खा वळायचा. माझ्या घरीही भाजी त्याच्याकडूनच यायची. माझी बायको म्हणायची, काय भला माणूस आहे, कोथिंबीर वरून घालतो. मी ती कोथिंबीर ताटात बाजूला सारायचो. मला तो 'मास्तर' म्हणायचा, सगळे म्हणायचे तसाच. फाटकाच्या आत मात्र त्यानं कधी पाऊल टाकलं नाही, त्याचा मुलगा किसन आमच्याच शाळेत असूनसुद्धा.

त्या वर्षी शाळेचे खेळ होते. शेवटी मोठी शर्यत, मैदानाला चार फेऱ्या. हेडमास्तर, कमिटीचे लोक खुर्च्यांवर. वकीलसाहेबही होते, आता म्हातारे झालेले. मुलं चुन्याच्या रेघेवर उभी राहिली. मी पांढऱ्या बुटांत, गळ्यात शिट्टी. माझी एक पद्धत होती. सुरुवातीआधी मी प्रत्येक मुलाजवळ जायचो, खांद्यावर हात ठेवायचो आणि दोन सूचना द्यायचो. छाती पुढे. कोपरं आत. तोंड बंद. लोकांना ते फार आवडायचं. कमिटीनं एकदा रिपोर्टात तसं लिहिलंही होतं.

एक, दोन, तीन करत मी किसनपाशी आलो. पोरगं बापासारखंच, तोंड उघडं ठेवून उभं होतं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि खाली वाकलो.

"मास्तर."

नामदेव आत आला होता. दोरीपाशी उभा होता, अख्खा माझ्याकडे वळून. मैदान गप्प होतं, त्यामुळे त्याला आवाज चढवावा लागला नाही.

"त्याले काई सांगू नका."

खुर्च्यांवरच्या लोकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पोराच्या खांद्यावरचा हात काढला, रेघेच्या टोकाला जाऊन उभा राहिलो आणि शिट्टी फुंकली.